मॉरिशसच्या वीजक्षेत्राचे नियामक : कायदा २००४चा, माणसे २०१६ची

समुद्रपार (धागाकर्ता)

सप्रेम नमस्कार.

मॉरिशसमध्ये मी काही वर्षे साखर कारखान्याला जोडलेल्या एका वीजकेंद्रात विद्युत देखभालीचे काम केले. तिथे जून ते डिसेंबर ऊसतोडीचा हंगाम असतो. त्या काळात बॉयलरकडे जाणाऱ्या पट्ट्यावरून ओलसर, पिवळट बगॅस, म्हणजे रस काढलेल्या उसाचे चिपाड, वाहत असतो आणि त्याचा गोडसर आंबूस वास आपल्या कपड्यांत मुरून जातो. डिसेंबर सरत आला की पट्ट्याचा रंग बदलतो. पोर्ट लुई बंदरातून ट्रकने आलेला आयात कोळसा त्याच बॉयलरमध्ये पडू लागतो. बॉयलर तोच, टर्बाइन तेच, तारेतून निघणारी वीजही तीच. पण तिच्यामागचे इंधन, त्याची किंमत आणि त्या किमतीचा हिशेब ठरवणारी कलमे मात्र वेगळी. ही किंमत नेमके कोण ठरवते आणि ठरवणाऱ्याला कोण विचारते, हा प्रश्न मला तिथे पडला आणि परत आल्यावरही सुटला नाही. त्यातून जे वाचले आणि पाहिले, ते इथे मांडतो आहे.

देश छोटा आहे. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, विजेची कमाल मागणी ५०० मेगावॅटच्या थोडी वर. आपल्या एकट्या कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे, म्हणजे कोयनेच्या साधारण पाव हिश्श्यात आख्खा देश उजळतो. या देशातली वीज सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्ड सांभाळते. हे बोर्ड १९५२ साली स्थापन झाले आणि त्याचा आजचा कायदा १९६४चा आहे. पारेषण आणि वितरण संपूर्णपणे त्याच्याकडे आहे. देशाला लागणाऱ्या विजेपैकी साधारण चाळीस टक्के बोर्ड स्वतः तयार करते आणि उरलेली प्रामुख्याने साखर उद्योगाशी जोडलेल्या खासगी उत्पादकांकडून विकत घेते. पुढच्या वर्षांत किती वीज लागेल याचा अंदाज करणे, नव्या केंद्रासाठी निविदा काढणे, छतावरच्या सौरयोजनांचे नियम बनवणे आणि त्यांचे अर्ज मंजूर करणे, हीही कामे दीर्घकाळ याच छपराखाली होत आली. वीजदर बोर्डाने सुचवायचे आणि मंत्र्यांनी मान्य करायचे, अशी पद्धत होती.

मंत्रालयातून वीजदर ठरला की काय होते, याचे उदाहरण फार लांब शोधायला नको. २०१० नंतर दर वाढले ते थेट २०२३ साली. मधल्या काळात तेल आणि कोळशाचे भाव जगभर कितीदा वरखाली झाले, पण घरच्या बिलावर त्याचा मागमूस नव्हता. ग्राहकाला हे सुखाचे वाटते आणि ते स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तो भार बोर्डाच्या ताळेबंदात साचत जातो आणि एक दिवस एकदम अंगावर येतो.

हे बदलावे म्हणून युटिलिटी रेग्युलेटरी अथॉरिटीचा कायदा २००४ साली संमत झाला. वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही सेवांवर देखरेख करणारे, परवाने देणारे, दर तपासणारे आणि तंटे ऐकणारे एक स्वतंत्र प्राधिकरण, ही कल्पना उत्तम होती. पाठोपाठ २००५ साली नवा वीज कायदाही आला. पण प्राधिकरणाचा कायदा २००८ साली अमलात आला आणि त्यावर आयुक्त नेमले गेले २०१६ साली. संमतीपासून नेमणुकीपर्यंत बारा वर्षे गेली. वीज कायद्याची कलमेही पुढे टप्प्याटप्प्यानेच लागू होत राहिली आणि तोवर १९३९चा जुना कायदा कारभार चालवत होता.

या बारा वर्षांना मी एवढे महत्त्व का देतो, ते सांगतो. खासगी वीजकेंद्रांशी झालेले मोठे करार साधारण वीस वर्षांच्या मुदतीचे असतात आणि त्यांतले बरेचसे २००० सालच्या आगेमागे झाले. बेल व्ह्यूचे ७० मेगावॅटचे केंद्र २०००चे, सावानाचे त्यानंतर काही वर्षांचे. म्हणजे प्राधिकरणाच्या खुर्च्यांवर माणसे बसली, तेव्हा देशाच्या विजेच्या मोठ्या हिश्श्याची किंमत, इंधनाच्या भावाशी तिची जोडणी आणि जोखीम कोणी उचलायची याची वाटणी आधीच सह्याशिक्क्यानिशी ठरून गेली होती. शिवाय हे करार जनतेला वाचायला मिळत नव्हते, यावरून तिथल्या वर्तमानपत्रांत आणि संसदेत वर्षानुवर्षे वाद झाले. नियामक उशिरा आला तर त्याच्या हाती दोनच गोष्टी उरतात : करार संपण्याची वाट पाहणे आणि पुढचा करार होताना जागे असणे.

आणखी दोन संस्थांचा उल्लेख करायला हवा. २०११च्या कायद्याने ऊर्जाबचतीचे कार्यालय उभे राहिले. फ्रीज, ओव्हन यांसारख्या उपकरणांवरची ऊर्जालेबले आणि मोठ्या ग्राहकांची ऊर्जा तपासणी हे त्याचे काम. २०१५च्या कायद्याने मॉरिशस रिन्यूएबल एनर्जी एजन्सी, म्हणजे ‘मरेना’, स्थापन झाली. ती अक्षय ऊर्जेची धोरणे आखते आणि मंत्र्यांना सल्ला देते, मात्र वीजखरेदीची सही तिची नसते.

या विषयात जाणकार असलेल्यांनी भर घालावी, चुकत असेल तिथे दुरुस्त करावे.

---

तारयंत्री

धाग्याबद्दल आभार. वीज वितरणात आयुष्य घालवल्यामुळे एक शंका मोकळेपणाने विचारतो. पाचशे मेगावॅटच्या व्यवस्थेला मंत्रालय, बोर्ड, नियामक, अक्षय ऊर्जेची संस्था आणि बचतीचे कार्यालय एवढा पसारा परवडतो का? नियामकाचा खर्च अखेर परवाना शुल्कातून, म्हणजे ग्राहकाच्याच खिशातून निघतो. छोट्या संसारात प्रत्येक कामाला वेगळा माणूस ठेवता येत नाही. मंत्रालयात एक सक्षम तांत्रिक कक्ष असता आणि बोर्डाचा हिशेब दरवर्षी संसदेत कसून तपासला गेला असता, तर तेवढ्याने भागले नसते का?

---

समुद्रपार

तारयंत्री, आपली शंका रास्त आहे आणि मॉरिशसमध्येही ती घेतली गेली. तरीही माझे मत वेगळे आहे आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले तांत्रिक आहे. बेट एकटे आहे. महाराष्ट्रात एखादा संच बंद पडला तर राष्ट्रीय ग्रिड तो धक्का पचवते आणि शेजारच्या राज्यातून वीज येते. मॉरिशसला शेजारच नाही. बेल व्ह्यूचा ३५ मेगावॅटचा एक संच अचानक बंद पडला, तर कमाल मागणीच्या सुमारे सात टक्के वीज एका क्षणात नाहीशी होते. आपण नियंत्रण कक्षात काम केले असेल, तर वारंवारतेचा काटा पन्नास हर्ट्झच्या खाली घसरू लागला की छातीत काय होते हे मी आपल्याला सांगायला नको. त्यामुळे किती क्षमता राखीव ठेवायची, बॅटरी किती बसवायच्या, सौर आणि पवन वीज कुठवर सामावून घ्यायची हे निर्णय तिथे फार खर्चाचे आणि फार जोखमीचे असतात. असा निर्णय घेणाराच स्वतः वीज विकत असेल, तर ‘ग्रिडला झेपणार नाही’ या त्याच्या उत्तरात अभियांत्रिकी किती आणि स्वतःच्या केंद्रांची काळजी किती, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नसतो. बोर्डातल्या अभियंत्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. त्यांतले अनेक जण मला माहीत आहेत आणि त्यांनी चक्रीवादळाच्या रात्री खांबांवर चढून केलेले काम मी पाहिले आहे. पण त्यांच्या उत्तराची पडताळणी करणारे दुसरे कोणी असावे, एवढेच म्हणणे आहे.

दुसरे कारण माणसांचे आहे. एवढ्या छोट्या देशात वीज जाणणारे लोक मोजके असतात. बोर्डातले, खासगी केंद्रांतले, मंत्रालयातले आणि नियामक संस्थेतले लोक एकाच महाविद्यालयातून शिकलेले आणि एकमेकांच्या लग्नकार्याला गेलेले असतात. अशा ठिकाणी तोंडी समजुतीवर सगळे चालते आणि मोठ्या देशापेक्षा तिथे कागदाची गरज जास्त पडते : लेखी आदेश, त्यामागची कारणे आणि ती वाचण्याचा सर्वांना अधिकार. मंत्रालयातला तांत्रिक कक्ष कितीही हुशार असला, तरी त्याचे टिपण फाइलमध्ये राहते. नियामकाचा आदेश प्रसिद्ध होऊ शकतो आणि त्यावर दाद मागता येते.

---

ऊसपट्टा

मी सांगली जिल्ह्यातला, ऊस उत्पादक. इथल्या सहवीजनिर्मितीशी, म्हणजे साखर कारखान्यातल्या बगॅसच्या विजेशी, जवळून संबंध आला म्हणून लिहितो.

आपल्याकडे बगॅसपासून तयार होणाऱ्या विजेचा दर या शतकाच्या सुरुवातीलाच महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने सुनावणी घेऊन ठरवला होता. आयोगाच्या आदेशात बगॅसची किंमत काय धरली, उष्मांक किती धरला, प्लांट लोड फॅक्टर (केंद्र आपल्या क्षमतेच्या किती टक्के चालते) किती, व्याज किती, हे आकडे छापलेले असतात. आम्हाला ते पटले असे दर वेळी झाले नाही. पण न पटलेला आकडा समोर असतो, त्यावर हरकत नोंदवता येते आणि पुण्यातल्या ‘प्रयास’सारख्या संस्था ग्राहकांच्या बाजूने आयोगासमोर उभ्या राहतात. सुनावणीच्या दालनात मागच्या बाकावर बसलेल्या माझ्यासारख्याला आपलेच चिपाड इंग्रजीतल्या तक्त्यात कसे बसवले आहे ते पाहायला मिळाले, हा अनुभव मी विसरलो नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. १०० टन ऊस गाळला की साधारण ३० टन बगॅस निघतो. तो ऊस शेतकऱ्याचा. मॉरिशसमध्ये या बगॅसची किंमत कोण ठरवते आणि तिथल्या छोट्या शेतकऱ्याच्या पदरात त्यातले काही पडते का?

---

वाकोआची

नमस्कार. मी मॉरिशसची. आमच्या घराण्याला कोकणातून इकडे येऊन अनेक पिढ्या झाल्या. मराठी शाळेत शिकले, त्यामुळे लिहिताना चुका होतील, त्या सांभाळून घ्याव्यात. ऊसपट्टादादांच्या प्रश्नाचे उत्तर मला माहीत आहे, कारण माझ्या काकांचा थोडा ऊस आहे.

बगॅसचा काही मोबदला शेतकऱ्याला मिळावा म्हणून १९८०च्या दशकापासून ‘बगॅस ट्रान्सफर प्राइस फंड’ नावाचा निधी होता. पण त्यातून छोट्या शेतकऱ्याला मिळणारी रक्कम अगदी किरकोळ असायची. काका हिशेबाचा कागद घडी घालून पंचांगात ठेवायचे आणि विचारले की म्हणायचे, साखरेची ओळ वाच, बाकीचे सोड. पुढे युरोपने २००६पासून साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी कमी करायला घेतला आणि २००९मध्ये जुना साखर करार संपला. तेव्हा ती साखरेची ओळही आटली आणि आमच्या भागातल्या कितीतरी लोकांनी शेते पडीक टाकली. आज डोंगराच्या कडेने जाताना उसाच्या जागी रानगवत दिसते.

२०२१-२२च्या अर्थसंकल्पात सरकारने राष्ट्रीय बायोमास आराखडा जाहीर केला आणि बगॅसच्या विजेसाठी प्रतियुनिट साडेतीन रुपये (आमचे मॉरिशियन रुपये) मोबदला ठरवला. त्याचा वाटा छोट्या शेतकऱ्यापर्यंत टनावर ३,३०० रुपयांच्या हिशेबाने येऊ लागला. हा टन उसाचा नव्हे, साखरेचा. काकांनी त्या वर्षी पहिल्यांदा मला दुसरी ओळ वाचायला सांगितली. ती मी दोनदा वाचली, कारण त्यांना खरे वाटेना.

आता धाग्याच्या विषयाकडे येते. हा निर्णय आमच्या भल्याचा होता आणि मी त्याची कृतज्ञ आहे. पण तो अर्थसंकल्पाच्या भाषणातून आला. साडेतीनच का, तीन किंवा पाच का नाही, याचे गणित काकांना कोणी दाखवले नाही. भाषणातून आलेला आकडा दुसऱ्या भाषणातून जाऊही शकतो, ही धाकधूक त्यांच्या मनात आहे. ऊसपट्टादादांनी सांगितलेले मागच्या बाकावर बसायचे दालन इथे असते, तर काका नक्की गेले असते. त्यांना क्रिओल, भोजपुरी आणि थोडी मराठी येते. आदेश इंग्रजीत असला तरी आकडे त्यांना वाचता येतात.

---

दर्यासारंग

विजेबद्दल बरेच आले, पण ऊर्जाक्षेत्र म्हणजे केवळ वीज नव्हे. मॉरिशसचे पेट्रोल, डिझेल आणि भट्टीचे तेल स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही सरकारी संस्था आयात करते आणि हे तेल अनेक वर्षे आपल्या मंगळूरच्या रिफायनरीतून जात होते. मी खलाशी असताना मंगळूरच्या धक्क्यावर ‘रेड ईगल’ हा तेलवाहू पाहिला होता. तेव्हा त्याचे नाव पुढे न्यायालयात गाजेल, असे वाटले नव्हते.

त्या जहाजासाठी २००९ साली बेटामॅक्स कंपनीशी पंधरा वर्षांचा वाहतूक करार झाला होता. सरकार बदलल्यावर २०१५ साली तो रद्द करण्यात आला. सिंगापूरच्या नियमांनुसार चाललेल्या लवादाने २०१७मध्ये कंपनीच्या बाजूने सुमारे ११.५ कोटी डॉलरचा निवाडा दिला. सार्वजनिक खरेदीच्या कायद्याचा भंग झाला म्हणून मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाने तो २०१९मध्ये रद्द ठरवला आणि अखेर १४ जून २०२१ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे मॉरिशसच्या अंतिम अपील न्यायालयाने, तो पुन्हा कायम केला. करार करणे बरोबर होते की रद्द करणे, यात मी पडत नाही. पण एवढ्या रकमेचा करार होताना आणि मोडताना देशातल्या कोणत्या स्वतंत्र ऊर्जा नियामकाने तो तपासला होता?

---

समुद्रपार

दर्यासारंग, असा नियामक नव्हता. तेल हा विषय युटिलिटी रेग्युलेटरी अथॉरिटीच्या कक्षेत येत नाही. पेट्रोल-डिझेलचे भाव पेट्रोलियम प्राइसिंग कमिटी ठरवते, आणि पंपावरच्या किमतीत इंधनाच्या जोडीला निरनिराळे अधिभार मिसळलेले असतात. २०२१ साली तर कोविडच्या लशींसाठी लिटरमागे दोन रुपये इंधनावर बसवले होते. लस हवीच होती, तिला पैसेही हवेत. पण इंधनाचा भाव म्हणून ग्राहक जे मोजतो त्यात इंधन किती, हे समजण्यासाठी त्याला तक्ता घेऊन बसावे लागते.

आपण काढलेल्या विषयाला जोडून वीजक्षेत्रातली एक घटना सांगतो. पोर्ट लुईजवळच्या सेंट लुई औष्णिक केंद्राच्या पुनर्विकासाला आफ्रिकन विकास बँकेचे कर्ज होते. त्या कामाच्या निविदेतल्या गैरप्रकारांबद्दल बँकेने जून २०२०मध्ये डॅनिश कंत्राटदार कंपनीवर निर्बंध लादले. त्याच महिन्यात ऊर्जा खाते सांभाळणाऱ्या उपपंतप्रधानांना मंत्रिमंडळातून दूर करण्यात आले. आपला त्यात काही संबंध नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मला यातली खटकणारी बाब वेगळी आहे. शोध लावला तो कर्ज देणाऱ्या परदेशी बँकेने. आपण सांगितलेल्या प्रकरणात शेवटचा शब्द सिंगापूर आणि लंडनचा, आणि या प्रकरणात पहिला शब्द आबिजानचा, जिथे त्या बँकेचे मुख्यालय आहे. देशातला नियामक तोवर चार वर्षांचा झाला होता.

---

वाचनमग्न

चर्चा वाचून खूप शिकायला मिळाले. मॉरिशसने २०३० पर्यंत साठ टक्के वीज अक्षय स्रोतांतून मिळवण्याचे आणि कोळसा बंद करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, असे वाचले होते. ते कितपत साध्य होईल आणि यात नियामकाची भूमिका काय?

---

समुद्रपार

उद्दिष्ट तसे जाहीर झाले होते आणि ते ऐकायला मलाही आवडले. वस्तुस्थिती अशी की आजवरचा अक्षय विजेचा हिस्सा पाचव्या भागाच्या आसपास, काही वर्षी त्याहूनही कमी राहिला आहे, आणि त्यात मोठा वाटा बगॅसचाच आहे. जलविद्युत पावसावर अवलंबून. सर्वांत मोठे शँपेन केंद्र ३० मेगावॅटचे. प्लेन दे रोशचे पवनकेंद्र साडेनऊ मेगावॅटच्याही आतले. हेन्रिएटा इथे ८ मेगावॅटचा सौरप्रकल्प भारताच्या मदतीने हाती घेतला गेला, त्याची सुरुवात जानेवारी २०२२मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी केली. हे सगळे चांगले आहे, पण साठ टक्क्यांचे गणित यातून जुळत नाही.

वर लिहिले त्याप्रमाणे कोळसा आणि बगॅस एकाच बॉयलरमध्ये जळतात. ‘कोळसा बंद’ म्हटले की जानेवारी ते मे या काळात त्या बॉयलरमध्ये काय टाकायचे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. बाहेरून आणलेला लाकडाचा भुसा, खास इंधनासाठी लावलेला ऊस, की संच बंद ठेवून सौर आणि बॅटरी? प्रत्येक पर्यायाची किंमत वेगळी, आणि प्रत्येकाचा परिणाम वाकोआची ताईंच्या काकांच्या शेतावर वेगळा. जुने करार आता एकामागून एक संपत आहेत किंवा संपले आहेत. मी वर म्हटले होते की उशिरा आलेल्या नियामकाने पुढच्या करारांच्या वेळी जागे असावे. ती वेळ हीच आहे. नव्या करारांतली इंधन दराची सूत्रे प्राधिकरणाने आधी तपासावीत, आपला आदेश कारणांसह प्रसिद्ध करावा आणि शेतकऱ्यांसह सर्वांना म्हणणे मांडायला मुदत द्यावी, असे मला मनापासून वाटते. कायद्याने त्याला तेवढे बळ दिलेले आहे.

---

वाकोआची

समुद्रपारदादा, काल रात्री हा सगळा धागा मी काकांना वाचून दाखवला. काही शब्द मला क्रिओलमध्ये सांगावे लागले. कोयनेशी केलेली तुलना त्यांना फार आवडली. कोयना कुठे आहे ते त्यांनी नकाशावर शोधायला लावले. बारा वर्षांचा हिशेब ऐकल्यावर ते गप्प बसले आणि मग एवढेच म्हणाले की त्या बारा वर्षांतच त्यांनी निम्मी शेती सोडली.

त्यांनी एक काम माझ्यावर सोपवले आहे. प्राधिकरणाला पत्र लिहून बगॅसच्या साडेतीन रुपयांचे गणित विचारायचे आहे. पत्र मी इंग्रजीत लिहीन, सही त्यांची असेल. ऊसपट्टादादा, आपल्याकडच्या आदेशात कोणकोणते आकडे छापतात त्यांची यादी इथे देऊ शकाल का? म्हणजे पत्रात काय मागायचे ते मला नीट कळेल.

---

ऊसपट्टा

ताई, अवश्य. बगॅसची टनामागे धरलेली किंमत आणि तिची वार्षिक वाढ, किलोमागे उष्मांक, एका युनिटसाठी लागणारी उष्णता, वर्षातले कामाचे दिवस, भांडवली खर्च आणि त्यावरचे व्याज, घसारा, देखभाल खर्च, केंद्राचा स्वतःचा वीजवापर आणि कराराची मुदत. एवढे मागा. यांतला बगॅसचा भाव आणि उष्मांक हे दोन आकडे आधी तपासा. आमच्याकडे बहुतेक वाद याच दोन ओळींवर झाले. काकांना माझा नमस्कार सांगा आणि उत्तर आले की ते इथे जरूर टाका.